कोठीतला जांभळा उजेड

४ सप्टेंबर, गुरुवार

बालाघाटच्या आबकारी, म्हणजे नशेचा माल पकडणाऱ्या, खात्यात तेहतीस वर्षं रोजनामचा लिहिला, तोही इथल्या सरकारी हिंदीत. निवृत्त झालो तरी हाताची खाज जात नाही, म्हणून ही वही. घरच्या गोष्टी सरकारी भाषेत लिहिल्या की लगेच गुन्ह्यासारख्या दिसायला लागतात, त्यामुळे मराठीत लिहितो. पण आज जे लिहायचं आहे ते कुठल्याही भाषेत संशयास्पदच दिसेल.

मागच्या कोठीत पूर्वी आपला धान राहायचा. आठ दिवसांपूर्वी सूनबाईंनी, म्हणजे अपेक्षाने, ती झाडून काढली, कमरेइतकी उंच लोखंडी मांडणी उभी केली आणि फळीफळीला जांभळे दिवे टांगले. वरच्या झरोक्यातून तो उजेड अंगणात पडतो आणि तुळससुद्धा वांग्याच्या रंगाची दिसते. हे काय चाललंय म्हणून मी शेवंताला, माझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "गोंद्याचे रोपं करून राह्यली म्हणते." गोंदा म्हणजे आपला झेंडू. झेंडू उकिरड्यावर उगवतो. त्याला दिवे कोण लावतं?

गजेंद्र, आमचा मुलगा, मलाजखंडला ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. त्याला तिथे क्वार्टर मिळालं आहे. नवरा-बायकोचं असं ठरलंय की दसऱ्यापर्यंत कटंगीच्या बायांच्या गटाला पंधराशे रोपं पोचवली तर अपेक्षा इथेच राहून हे काम वाढवणार, आणि नाही जमलं तर सामान बांधून मलाजखंडला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, जायचं असेल तर खुशाल जा. पण ते खोटं झालं असतं. ती गेली तर या घरात मी, शेवंता आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरू. तिन्ही जुने, आणि घड्याळ त्यातल्या त्यात बरं चालतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

कोंब आले म्हणे. अपेक्षा अकरा ते तीन कम्प्युटर सेंटरवर शिकवायला जाते. आज परत आली ती थेट कोठीत गेली आणि तशीच बाहेर आली.

"बाबा, कोठीची लाईट तुमी बंद केली का?"

"मी कायले करू?"

"नाही, पूछलं सहज. लाईन गेली असन मंग."

सहज नव्हतं ते. तेहतीस वर्षं मी लोकांकडे तसं पाहिलेलं आहे, त्यामुळे ते पाहणं मला कळतं. माझ्याच घरात माझीच झडती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

१० सप्टेंबर, बुधवार

दिवे आजही बंद सापडले. शेजारी विचारलं, लाईन दिवसभर होती.

वरणात दुप्पट मीठ. सकाळचं वरण शेवंता करते, पण मीठ सुनेनेच पुन्हा घातलं असणार, लक्ष कुठे आहे तिचं. मी सुनावलं. अपेक्षा वाटीत पाणी घालून जेवली. जो माणूस आरोप मुकाट्याने गिळतो त्याच्या पोटात काहीतरी दुसरं असतं, असा माझा अनुभव आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अपेक्षाने कोठीला कुलूप लावलं! लग्नाला तीन वर्षं झाली, या घरात सासऱ्यापासून कुलूप लावायची वेळ पहिल्यांदा आली. कुलूप जुनंच, पितळी, दोन किल्ल्यांचं. एक तिच्याकडे. दुसरी कुठे गेली म्हणून शेवंताला विचारलं, तर म्हणाली, "चुलीत गेली असन." आमच्याकडे चूल बंद होऊन अकरा वर्षं झाली. बाईला थट्टा सुचते म्हणजे तब्येत बरी आहे. खरंच बरी आहे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला खाली बसता येत नाही आणि ती गप्पगप्प असायची. हल्ली दुपारी माझी झोप मोडते ती तिच्या गुणगुणण्याने.

अपेक्षा गेल्यावर स्टूल घेऊन झरोक्यातून पाहिलं. कुलूप असूनही दिवे बंद! वरून काळी चादर टाकलेली. चादरीच्या कडेने रोपं दिसली. चार-चार बोटं उंच, एकमेकांना रेटत निघालेली. आम्ही धानवाले लोक. आमचा परहा, म्हणजे लावणीआधीचं धानाचं रोप, असा सरसर आला असता तर बापाने गावभर सांगितलं असतं. माल जोमात आहे, हे नक्की. आणि चादरीखाली ठेवायचा माल झेंडू नसतो, हेही नक्की.

१४ सप्टेंबर, रविवार

आता माझ्याकडे पुरावा आहे.

माझ्या फोनचं चार्जिंग संपलं म्हणून गजेंद्रला लावायला अपेक्षाचा मागून घेतला. उघडला तर समोर एक हिंदी पान होतं. मथळा असा: घर के अंदर गांजे के पौधों को लंबा और कमज़ोर होने से कैसे बचाएँ.

गांजा. सरळ अक्षरात. माझ्या सुनेच्या फोनवर. जुनी सवय कामी आली आणि सगळं वाचून काढलं. रोप उजेडाकडे धावतं. दिवा लांब असेल किंवा अंधार जास्त झाला, तर मान वर काढता काढता त्याचा देठ दोऱ्यासारखा होतो आणि मग रोप आडवं पडतं. म्हणून दिवा जवळ आणायचा, सोळा तास चालू ठेवायचा. खोली थंड ठेवायची. पाणी बेताने द्यायचं. पंख्याचा मंद वारा सोडायचा, म्हणजे देठ कसतो. तरी लांबट झालंच, तर दुसऱ्या मातीत गळ्यापर्यंत पुरायचं.

एवढी सविस्तर पोथी मी सेवेत असताना कधी हातात पडली नव्हती. बालाघाटचं आमचं ऑफिस जप्त केलेली रोपं मोजायचं, ती वाढतात कशी हे कोणी सांगितलं नाही.

फोन परत दिला. "लागला का?" म्हणाली. "लागला," म्हणालो. बस, एवढंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुलीचंदकडे गेलो. वीस वर्षं एका जीपमध्ये बसलो, लांजीच्या जंगलात एका डब्यातली भाकर खाल्ली. त्याला नाव न घेता सांगितलं, एका ओळखीच्याच्या घरी असं असं आहे. तो सुपारी कातरत म्हणाला, "नथ्थूभाऊ, ओळखीचा म्हणजे तूच ना?"

मग सांगावंच लागलं.

"सूनबाईले पूछलं का?"

"आरोपीले कोणी आधी पूछते का? सुराग मिटवून टाकते मंग."

"थे आरोपी नोहे, सून हाये तुही," दुलीचंद म्हणाला. मग जरा थांबून, "पत्ता आण एखादा. पत्ता पाह्यल्याशिवाय मी काही बोलत नाही."

माणूस म्हातारपणी मऊ होतो. पण नमुना पाहिजे हे त्याचं बरोबर आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

माल बाहेर जातो आहे. सकाळी साडेसहाला अपेक्षा स्कुटीवर निघाली. पुढे पाय ठेवायच्या जागी दोन ट्रे एकावर एक, वर टॉवेल. मी सायकल काढली. पेट्रोल पंपापर्यंत नजरेत ठेवली, तिथे साखळी उतरली. साखळी बसवून मान वर केली तर स्कुटी नाही. पंपावरचा पोऱ्या म्हणाला, "दादाजी, रेस लगा रहे हो क्या?"

पाऊण तासाने ती परत आली. ट्रे नव्हते. हाताच्या नखांत माती. मला अंगणात सायकलसकट पाहून म्हणाली, "बाबा, हात काळे झाले तुमचे. साबण देऊ?"

तिचेही झाले होते. मी तसं म्हणालो नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

केरात एक रोप सापडलं. वीतभर पांढरा देठ, टोकाला दोन पानं, बाकी काही नाही. बाळपणी सगळी रोपं सारखीच दिसतात, पोरांसारखी. चष्मा लावला, भिंग लावलं, वास घेतला. उग्र होता. गांजाही उग्र असतो. पण जगात उग्र काय एकच आहे?

दुपारी तिचं गजेंद्रशी बोलणं कानावर पडलं. म्हणजे मी ओट्यावर बसून पाडून घेतलं. "अर्धे त पडले... हौ... नाही, कोणाले काही नको बोलू, मी बोलली नाही त तू कायले... दसऱ्यापर्यंत पाहतो, नाही त येतो मी तिकडे." मग नाक ओढल्याचा आवाज.

कोणाला काही नको बोलू. म्हणजे गजेंद्रलाही ठाऊक आहे. पोटचा पोरगा.

हिशेब मांडून पाहिला. गांजा निघाला तर सून जेलात. नाही निघाला आणि रोपं मेली तर सून मलाजखंडात. दोन्हीकडून घर रिकामं. मला भीती वाटते आहे हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आमच्याकडे तीन पिढ्या याच कोठीत जवारे बसायचे. टोपलीत माती, मातीत गहू, आणि नऊ दिवस दार-खिडकी बंद. उन्हाची तिरीप लागू द्यायची नाही. जवारे जितके लांब आणि पिवळे, तितकी देवीची कृपा, घर तितकं भरलेलं. हिरवे आणि बुटके आले तर बाया तोंड बारीक करायच्या. गुडघ्यामुळे शेवंताचं ते बंद पडलं. मागच्या वर्षी घट बसले तेव्हा ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. या वर्षी म्हणून मी घाबरत घाबरत विचारलं, "टोपली आणू का?"

"कायले? कोठी त भरली हाये," ती म्हणाली आणि हसली.

कोठीच्या कडीवर हळदीची बोटं दिसली. तर सूनबाई मालाची पूजाही करतात. नवल नाही, मी पकडलेल्यांपैकी निम्म्यांच्या खिशात देवीचा फोटो असायचा.

शेवंताने आज अपेक्षाला दोनदा दीपिका म्हणून हाक मारली. दीपिका शेवंताची धाकटी बहीण, वारली त्याला सहा वर्षं झाली. नावं चुकतातच या वयात. मी नाही का गजेंद्रला भावाच्या नावाने हाक मारत. अपेक्षाने दोन्ही वेळा "ओ" दिली, सुधारलं नाही. त्यातही काहीतरी डाव असेल असं वाटलं, पण कोणता ते लक्षात आलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

धाड टाकली. होय, स्वतःच्या घरावर.

अपेक्षा सेंटरवर गेली. दुलीचंद नको नको म्हणत आला, वर माझ्याकडे चहा मागितला, मी म्हणालो पंचनाम्याआधी चहा नाही. कुलूप तोडायला पाना घेतला होता. गरज पडली नाही. कुलूप कडीला उघडं लोंबत होतं आणि त्यात किल्ली होती. दुसरी किल्ली.

दार ढकललं. आत काळोख. चादर एका कडेने उचललेली, आणि मांडणीपाशी शेवंता उभी. डाव्या हातात तांब्या, उजव्या हाताने ती हळदीचं पाणी शिंपडत होती आणि देवीचं काहीतरी म्हणत होती. आमच्याकडे न पाहता म्हणाली, "चपला काढा. अन् दार लावा, ऊन लागन."

आम्ही दोघं हेड कॉन्स्टेबल चपला काढून उभे राहिलो.

"पाहा," ती म्हणाली, "कसे पिवळेधम्मक आले. रोज येऊन दिवे बंद करतो मी. थ्या पोरीले काय मालूम, थे उजेड ठेवते. जवारे उजेडात होते का? एवढे लंबे माह्या सासूचेही नव्हते. आता नाही जात थे पोरगी कुठं. राहते इथंच."

मांडणीवर दोरे आडवे पडले होते. पांढरे, लांबच लांब, एकमेकांवर मान टाकून. मला ज्याचा जोम वाटला होता ते हे. दुलीचंदने एक जरा मोठं रोप उचललं, त्याची कातरलेली पानं बोटात चुरली, वास घेतला आणि माझ्या नाकापुढे धरलं. लग्नातल्या हाराचा वास होता. "गोंदा," तो हळूच म्हणाला. "पंचनामा लिहितं का?"

त्याला चहा पाजून पाठवलं. शेवंताने त्यात साखर घातली, मग पुन्हा घातली. दुलीचंद पाकासारखा चहा मुकाट्याने प्यायला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, तो का ठेवला कळलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळा दिवस एकच विचार. अपेक्षाचं सगळं काम शेवंताने मारलं. ती इथे राहावी म्हणून मारलं. हे अपेक्षाला कळलं तर ती सासूचं तोंड पाहील का? आणि शेवंताला कळलं की आपल्याच हाताने सून चालली, तर मागच्या वर्षीसारखी पुन्हा भिंतीकडे तोंड करेल.

तेहतीस वर्षांत एका खोट्या पंचनाम्यावर सही केली नाही. आज संध्याकाळी अपेक्षा दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "कोठीची लाईट मी बंद करत होतो. बिल येते म्हणून. तुहे रोपं माह्यामुळं गेले."

तिने चिमटे परडीत टाकले.

"तुमच्यापाशी किल्ली कुठं होती, बाबा?"

पहिल्याच प्रश्नाला पडलो. माझ्यापुढे बसलेल्या चोरांनी याहून जास्त दम काढला होता.

"आई करते थे. मले कुलूप लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी समजलं," ती म्हणाली. "दोन बार सांगितलं त्याईले. हौ म्हणते, चांगलं ऐकते, अन् दुसऱ्या दिवशी भुलते. मंग मी जिद्द सोडली. कोठीत येते त खुश राहते, उभी राहते. त्याईच्या वाट्याचे आठ ट्रे ठेवले, बाकीचे संघमित्राच्या छतावर नेले. हिरवी जाळी हाये तिच्याकडे, टेबलफॅन लावला, गळ्यापर्यंत मातीत गाडले सारे. नऊशे वाचले. गटाच्या बाया म्हणते, चालन नऊशे."

संघमित्रा तिच्या सेंटरमधली मैत्रीण, पेट्रोल पंपामागच्या वॉर्डात राहते. साखळी उतरली नसती तर नऊ दिवसांपूर्वीच मला ते छत दिसलं असतं.

"अन् थे गांजाचं पान?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "गोंद्याचं काही भेटत नाही, बाबा. चार लाईना भेटते. लंबं होऊ नये म्हणून काय करा, हे फक्त गांजावाल्याईनंच लिहून ठेवलं हाये." मग तिला सगळंच कळलं. सायकल, स्टूल, दुलीचंद. एकेक जागेवर बसताना मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणून काकाजी आलते का काल? आई म्हणे, जवारे पाह्याले आलते."

मी परडीतले चिमटे मोजू लागलो.

"आईच्यानं रोपं गेले, त्याचं मले काही नाही," ती म्हणाली. "रोपं त वाचले. पण मी आता राह्यतो का नाही, थे मले नाही मालूम." कपडे खांद्यावर टाकून ती आत गेली.

२७ सप्टेंबर, शनिवार

काही घडलं नाही. अपेक्षाने ताट वाढलं, पाणी ठेवलं, बोलली नाही. लाज वाटते.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज पहिल्यांदा शेवंताकडे नुसतं बसून पाहिलं. अर्ध्या तासात तिने तीनदा विचारलं की गजेंद्र शाळेतून आला का. तिसऱ्यांदा मी म्हणालो, यायचाच आहे. अपेक्षा दारात उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती हलली नाही, पण नजरही वळवली नाही.

हे कधीपासून आहे, मला सांगता येणार नाही. एका महिन्यात मी सुनेच्या स्कुटीच्या वेळा लिहिल्या आणि बायकोबद्दल चार ओळी लिहिल्या, त्याही चुकीच्या अर्थाने.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी कटंगीहून बायांची गाडी आली. संघमित्राच्या छतावरून मीच ट्रे उतरवले. बुटकी, गच्च, देठ काळसर, हात फिरवला तर ताठ. धानवाल्याला अशी रोपं पाहून हळहळच वाटेल. नऊशे मोजून गाडीत चढवली. अपेक्षाने मला "सांभाळून" म्हटलं, सहा दिवसांतला पहिला शब्द.

दुपारी शेवंता नटून बसली, जवारे न्यायचे म्हणून. पडलेल्या पिवळ्या झेंडूचे ट्रे. मला वाटलं अपेक्षा आता तरी काही बोलेल. तिने सगळ्यात पिवळी रोपं निवडून टोपलीत लावली, वर लाल कापड घातलं आणि टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. गजेंद्र मलाजखंडहून आला होता, त्याने आईला धरलं. नदीवर बायांचा मेळा होता. एकीने विचारलं, हे कसले जवारे? शेवंता म्हणाली, "माह्या दीपिकाने बसवले." अपेक्षा म्हणाली, "हौ, मीच बसवले." त्या बाईने टोपलीला हात लावून कपाळाला लावला.

विसर्जनाआधी थोडे जवारे काढून घेतात आणि एकमेकांच्या कानावर खोवतात. वर्षभराची भांडणं तिथे मिटवायची, असा रिवाज. अपेक्षाने शेवंताच्या कानावर खोवलं, गजेंद्रच्या, संघमित्राच्या. तिच्या हातात एक उरलं होतं. माझ्यापुढे येऊन ती थांबली.

"आता पूछा," ती म्हणाली.

"काय?"

"जे साऱ्याईले पूछलं अन् मले नाही पूछलं, थे."

आजूबाजूला ढोल वाजत होते. मला मोठ्याने बोलावं लागलं. "कोठीत काय लावलं, बाई?"

"गोंदा, बाबा," ती म्हणाली. मला वाकायला लावून तिने ते पांढरं लांब रोप माझ्या कानामागे अडकवलं. "अन् दिवाळी झाली का मिरची लावतो, त्याच कोठीत. आईचे आठ ट्रे अलग ठेवजा."